अवजड वाहनांचे ओझे आणि घोडबंदरची वाट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विरारच्या बाजूला सहलीला गेलेली ठाणे-मुंबईच्या शाळांतील पाचशेहून अधिक मुले परतीच्या वाटेवर वसईजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अडकून पडली. बारा बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अन्नपाण्यावाचून मुलांचे हाल झाले, घरी आईबाप दाराशी ताटकळत राहिले आणि काही गाड्या ठिकाणाला लागल्या तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडत होती. या प्रकाराचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागले नाही. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटात दुरुस्तीचे काम निघाले होते आणि त्यासाठी त्या रस्त्याची अवजड वाहतूक अन्यत्र वळविण्यात आली होती. घोडबंदरच्या पाठीवरचे ओझे उतरले ते थेट महामार्गाच्या पाठीवर जाऊन बसले, आणि त्याखाली चेंगरली ती सहलीची मुले.

अशी कोंडी झाली की दोन पक्ष आमनेसामने येतात. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या वस्तीतील नागरिक म्हणतात, अवजड वाहने या रस्त्यावरून कायमची हद्दपार करा. वाहतूकदार म्हणतात, मालाची ने-आण थांबली तर बंदर थांबेल, कारखाने थांबतील आणि मग नागरिकांच्याच घरातील वस्तू महागतील. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. रस्त्यावरून नेमके किती वजन जाते, ते मोजतो कोण, ते ओढून नेणारा माणूस किती तास जागा असतो आणि हे वजन मुळात याच रस्त्याने का जाते, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे न शोधता काढलेली प्रत्येक बंदीची अधिसूचना ही केवळ तहकुबी ठरते.

वाट कशी पडली

घोडबंदर हे नावच वाहतुकीतून जन्मलेले आहे. पोर्तुगीज अमदानीत अरबांशी होणारा घोड्यांचा व्यापार या बंदरातून चाले, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी येथील किल्ला घेतला. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. त्या काळी मालाचा खरा मार्ग होता तो खाडीचा. एका बाजूला उल्हास नदीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीतून जाणारी वाट ही दुय्यम होती. आज खाडी रिकामी आहे आणि सारा भार त्या चिंचोळ्या पट्टीवर आला आहे.

हे घडले त्याला भूगोल कारण आहे, तसा इतिहासही. नाशिककडे जाणारा महामार्ग ठाण्यातून जातो आणि अहमदाबादकडे जाणारा काशिमीऱ्यावरून. या दोहोंना जोडणारा सुमारे २० किलोमीटरचा दुवा म्हणजे घोडबंदर रस्ता. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबई बेटावरील गोदीकडे येणारा माल खाडीपलीकडच्या या बंदराकडे वळला. गुजरातकडे आणि उत्तरेकडे जाणारे कंटेनर पनवेल-कळंबोलीहून शिळफाटा, मुंब्रा वळणरस्ता, खारेगाव, माजिवडा असा प्रवास करीत घोडबंदरच्या वाटेला लागले. भिवंडीच्या परिसरात गोदामांची नगरे उभी राहिली, त्यांचीही भर पडली.

याच काळात दुसरी एक प्रक्रिया चालू होती. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही एकेकाळची गावे इमारतींनी भरून गेली. मुंबईत घर परवडेनासे झालेला शिक्षक, बँकेतला कारकून, कचेरीतला लिपिक येथे येऊन राहिला. ज्या रस्त्याला बंदराचा दुवा म्हणून वाढविले, त्याच रस्त्याला त्याच वेळी शहराचा मुख्य मार्ग बनविण्याचे परवाने दिले गेले. दोन्ही निर्णय घेणाऱ्यांनी एकमेकांना विचारले होते, असे या रस्त्याकडे पाहून वाटत नाही. पुढे मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले आणि उरलीसुरली रुंदीही कामाच्या पत्र्यांआड गेली. गायमुखाच्या पुढे तर एका बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि दुसऱ्या बाजूस खाडी. तेथे रस्ता रुंद करायचा तर वनखात्याची परवानगी हवी, आणि जंगल तोडून रस्ता रुंद करावा काय हा प्रश्नही साधा नाही.

भाराचे गणित

अवजड वाहन म्हणजे मोठी मोटार नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला या धंद्यातले लोक 'घोडा' म्हणतात. घोडा आणि ट्रेलर एका सांध्याने जोडलेले असतात आणि चढ, उतार व वळण या तिन्ही ठिकाणी ते दोघे एकाच मताचे असतीलच असे नाही. समजा, मालासह ५५ टनांचे वाहन वीस मीटरला एक मीटर अशा चढावर आहे. केवळ चढण्यासाठी त्याला एकंदर वजनाच्या विसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे पावणेतीन टनांची ओढ सतत लावावी लागते. ताशी २० किलोमीटर या गतीने ही ओढ राखायची तर दोनशे अश्वशक्ती निव्वळ चढापायी खर्च होते. चाकांचे घर्षण वेगळेच. इंजिन जुने असेल किंवा माल नियमापेक्षा अधिक असेल तर गती आणखी खाली येते. घाटातील अरुंद वळणावर असे एक वाहन बंद पडले की मागे रांग लागते. त्या रांगेची लांबी वाहतूक हवालदाराच्या शिट्टीने कमी होत नाही.

उताराचे संकट याहून मोठे. चढताना जी शक्ती खर्च केली ती सारी उतरताना वाहनाला पुढे ढकलू लागते आणि ती जिरवायची कोणी, तर ब्रेकांनी. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, आणि तापले की त्यांची पकड सुटते. म्हणून जाणता चालक उतारावर खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाकडून गाडी आवरून धरतो. डिझेल वाचविण्यासाठी गाडी 'न्यूट्रल'वर सोडणारा चालक या एकमेव आधारालाच मुकतो. वळणावर एकदम ब्रेक लागले तर मागचा ट्रेलर पुढच्या घोड्याला बाजूला ढकलतो आणि सारे वाहन चाकूच्या पात्यासारखे दुमडते. त्या वेळी शेजारून दुचाकीवर जाणाऱ्या माणसाला पळायला जागा नसते.

आणि रस्त्याचे काय? अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वाहने चालवून एक मोठी चाचणी घेण्यात आली. तिचा निष्कर्ष आजही अभियंते ढोबळमानाने प्रमाण मानतात. आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. मोटारीच्या एका आसावर अर्धा-पाऊण टन भार येतो. ट्रेलरच्या आसावर साडेअकरा टन. झिजेच्या हिशेबात हे अंतर लाखाच्या घरात जाते. पावसाळ्यात घोडबंदरवर पडणाऱ्या खड्ड्यांसाठी कंत्राटदाराला दोष दिला जातो आणि तो पुष्कळदा योग्यही असतो; पण नियमापेक्षा अधिक माल भरलेल्या आसाचा दोष कोणी हिशेबात धरत नाही.

या संदर्भात जुलै २०१८ मधील केंद्र सरकारचा निर्णय आठवावा. चार टायरांच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन भाराची परवानगी होती, ती ११.५ टन करण्यात आली. संपूर्ण वाहनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. कमी फेऱ्यांत अधिक माल जाईल, इंधन वाचेल, हा त्यामागील युक्तिवाद होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. परंतु चौथ्या घाताचा नियम लावून पाहिले तर आसावरील भारात झालेली सुमारे तेरा टक्क्यांची ही वाढ झिजेत साठ टक्क्यांची वाढ घडवून आणते. महामार्गांचे पृष्ठभाग आणि जुने पूल त्या प्रमाणात भक्कम केले गेले काय, याचे उत्तर गायमुखासारख्या घाटांची वारंवार निघणारी दुरुस्ती देते.

कायदा आहे, काटा कोठे आहे?

नियमांचा तुटवडा आहे असे मुळीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वजनाची मर्यादा घातली आहे, संशय आल्यास वाहन काट्यावर नेण्याचा अधिकार दिला आहे आणि जादा माल उतरवून घेतल्याशिवाय वाहन पुढे जाऊ देऊ नये असेही सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये असा दंड ठरविला. वजन करण्यास नकार देणाऱ्यास ४० हजार. दंड भरून जादा माल तसाच पुढे नेण्याच्या काही राज्यांतील पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच ताशेरे ओढले आणि दंड म्हणजे परवाना नव्हे हे स्पष्ट केले. एवढे सगळे असूनही जादा भाराची वाहने रस्त्यावर दिसतात, कारण माल उतरवून घ्यायचा तर तो ठेवायला जागा हवी, उतरवायला हमाल हवेत, आणि त्या आधी वजनकाटा हवा. रस्त्याच्या कडेला उभे राहून पावती फाडणे यांपैकी कशावाचूनही जमते. म्हणून पावती फाटते आणि माल पुढे जातो.

परदेशाचे दाखले देण्याची आपल्याकडे हौस फार. पण येथे एक दाखला खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या पिकअप गाडीला ट्रेलर जोडून बोट, जनावरे किंवा घरसामान शेकडो मैल ओढून नेण्याची पद्धत सर्रास आहे. तेथेही या खासगी हौसेला हिशेब आहे. जोडवाहनाची एकंदर मर्यादा २६ हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे पावणेबारा टनांच्या वर गेली आणि त्यातील ट्रेलर १० हजार पौंडांहून अधिक क्षमतेचा असला की चालकाला व्यावसायिक दर्जाचा वेगळा परवाना लागतो. ओढणाऱ्या वाहनाची ताकद किती यापेक्षा ते भरलेले वजन थांबवू किती शकेल, हा विचार त्यामागे आहे. महामार्गावर ठिकठिकाणी वजनाची केंद्रे आहेत आणि मालवाहू वाहनांना तेथे वळावेच लागते. आपल्याकडे भिवंडीच्या गोदामातून निघणाऱ्या लहान पिकअपपासून बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरपर्यंत ओझ्याचा हिशेब बहुधा एकाच प्रश्नाने होतो: गाडी जागची हलते ना?

चालकाची रात्र

या सगळ्या वादात ज्याचे नाव केवळ अपघाताच्या बातमीत येते तो चालक. नागरिकांच्या दृष्टीने तो खलनायक, मालकाच्या दृष्टीने खर्चाची बाब. शहरात दिवसा बंदी असते, म्हणून तो शहराच्या सीमेबाहेर रस्त्याच्या कडेला दिवसभर उभा असतो. तेथे सावली नाही, शौचालय नाही, पाण्याचा नळ नाही. इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये झोप येत नाही. मध्यरात्र झाली की बंदी उठते आणि शेकडो वाहने एकदम सुटतात. दिवसभर न झोपलेला माणूस रात्री बारा वाजता गायमुखाच्या वळणावर पन्नास टनांचे ओझे घेऊन येतो, आणि पहाटेची मुदत संपण्यापूर्वी पलीकडे निघून जाण्याची त्याला घाई असते. बंदीच्या वेळापत्रकाने रस्त्यावरील दिवसाची कोंडी कमी होते हे मान्य. पण त्या वेळापत्रकाने झोप आणि घाई यांची जी सांगड घातली जाते तिचा विचार अधिसूचनेत नसतो.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही सांगितली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही आठ तासांचे तत्त्व कायम आहे. साठ वर्षांहून अधिक काळ हे तत्त्व कागदावर आहे. युरोपात साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आहे आणि ती घेतली की नाही हे वाहनातील नोंदयंत्र सांगते. आपल्याकडे खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाला विश्रांती म्हणजे बुडालेली कमाई. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिन वातानुकूलित असाव्यात असा नियम झाला, हे स्वागतार्ह पाऊल होय. पण रस्त्यावरचे बहुसंख्य ट्रक त्याआधीचे आहेत, आणि केबिन थंड असली तरी ती उभी करायला जागा लागतेच.

काय करता येईल?

मोठमोठ्या योजनांची उणीव नाही. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. तो पुरा झाला की बोरिवलीला जाणाऱ्या मोटारी घोडबंदरवरून हटतील. पण अहमदाबादकडे जाणाऱ्या ट्रेलरला बोरिवलीत उतरून उलट उत्तरेला येण्यात काय स्वारस्य? मेट्रो माणसे नेईल, कंटेनर नेणार नाही. सेवारस्ते मुख्य रस्त्यात मिळवून रुंदी वाढविण्याचे काम हाती घेतले गेले. पण वस्तीतल्या माणसाला शाळेच्या दारापर्यंत जाण्यासाठी जो सुरक्षित पट्टा होता तोच त्यामुळे ट्रेलरच्या शेजारी आला, ही तक्रारही उडवून लावण्याजोगी नाही. या सर्व योजनांत एक साम्य आहे. त्या रस्त्याची जागा वाढवितात, रस्त्यावरचे वजन कमी करीत नाहीत.

वजन कमी करण्याचा उपाय लोहमार्गाचा आहे. न्हावा-शेव्यापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग याच हेतूने आखला गेला. दुर्दैव असे की बाकीचे बहुतेक टप्पे सुरू होऊन गेले तरी वैतरणा ते न्हावा-शेवा हा १०२ किलोमीटरचा अखेरचा टप्पाच रखडत राहिला. बंदराला जोडणारा तुकडा शेवटी, म्हणजे नदीवर पूल बांधून काठ विसरण्यासारखे झाले. वसई-दिवा हा जुना लोहमार्गही घोडबंदरच्या उत्तरेने, खाडीपलीकडून, जवळजवळ समांतर जातो. वसई आणि भिवंडी यांच्यामधून रूळ जात असताना कंटेनर डांबरावरून का जातात, याचे उत्तर भाड्याच्या दरात, चढउताराच्या सोयीत आणि वेळेच्या खात्रीत आहे. रेल्वेने आणि बंदराने मिळून या तीन गोष्टी सुधारल्या तर वाहतूकदारावर सक्ती करावी लागणार नाही. तो आपला फायदा ओळखतो.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. बंदरातून आणि मोठ्या गोदामांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाहनाचे वजन तेथेच व्हावे आणि जादा भाराचे वाहन फाटकाबाहेर पडूच नये. दंडाचा मोठा वाटा चालकाऐवजी माल भरून देणाऱ्यावर यावा, कारण किती भरायचे हे चालक ठरवीत नाही. खारेगाव, शिळफाटा आणि वसईच्या बाजूला ट्रकतळ उभारावेत. तेथे पाणी, शौचालय, निवारा आणि काटा असावा, आणि वाहनांना मध्यरात्री एकदम सोडण्याऐवजी तळावरून ठरावीक अंतराने सोडावे. चिंचोटी-कामण-अंजुरफाटा या पर्यायी रस्त्याची कायमस्वरूपी दुरुस्ती करावी. आणि गायमुखात काम काढायचे असेल तेव्हा ठाणे, मीरा-भाईंदर, वसई आणि पालघर येथील पोलीस व महामार्गाचे अधिकारी यांनी आधी एका टेबलाशी बसावे. वाहने एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत ढकलली की आपले काम संपले, हा समज ऑक्टोबरच्या त्या रात्रीने खोटा ठरविला आहे.

यांतील एकाही उपायाला बोगद्याइतका पैसा लागत नाही. लागते ती रोजची, कंटाळवाणी, नोंदवही भरण्यासारखी चिकाटी; आणि तिचे भूमिपूजन होत नसल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वजन मोजले जात नाही तोवर ते कोणाचेच नसते, आणि अखेरीस सर्वांत दुबळ्याच्या अंगावर पडते. त्या रात्री ते शाळेतल्या मुलांवर पडले. पुढची सहल ठरविताना मुख्याध्यापकांना प्रथम वाहतूक पोलिसांची अधिसूचना वाचावी लागत असेल, तर दोष सहलीचा नव्हे.